दुसऱ्या ग्रहावर नाचायचं, तर घालायचं काय?

वाचण्यापूर्वी
१. तुम्ही कुठलं नृत्य शिकता किंवा पाहिलं आहे? त्यात उड्या जास्त असतात, गिरक्या जास्त असतात की पायांचा ठेका जास्त असतो?
२. त्या नाचाचा पोशाख कसा असतो? तो तसाच का असेल?
दोन्ही उत्तरं वहीत एकेका ओळीत लिहा आणि मगच पाठ वाचा. शेवटी ती पुन्हा लागणार आहेत.

१. नाच कशापासून बनतो?

समजा, एक बॅले नर्तकी आहे. ती पंधरा वर्षं रोज सराव करते आहे. एक दिवस तिला सांगितलं, "चल, आपल्याला सूर्यमालेच्या दौऱ्यावर जायचंय. प्रत्येक ठिकाणी तिथला नाच आणि तिथला पोशाख शोधायचा." आता तिनं बॅगेत काय भरायचं?

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या ग्रहांवर माणसंच नाहीत, मग नाच कुठून असणार? बरोबर आहे. चंद्रावर आजपर्यंत फक्त १२ माणसं चालली आहेत, तीही १९६९ ते १९७२ या काळात. मंगळावर अजून कुणी गेलेलंच नाही. पण नाचाची परंपरा आकाशातून पडत नाही. ती चार गोष्टींपासून बनते: पायाखालची जमीन, अंगाभोवतीची हवा, नाचणाऱ्याचं शरीर आणि त्यावरचं कापड. यातल्या जमीन आणि हवा या दोन गोष्टी बदलल्या, तर नाच कसा बदलेल याचा अंदाज आपण इथे बसून करू शकतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कोळीनृत्यात वल्हं मारल्यासारखे हात का फिरतात? कारण तो समुद्रावर होडी चालवणाऱ्या लोकांचा नाच आहे. नऊवारीला काष्टा का असतो? काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. मग चालता येतं, काम करता येतं आणि लावणीत झटकन वळताही येतं. म्हणजे आधी जगणं आलं, मग पोशाख आला आणि त्या पोशाखात बसेल असा नाच आला.

२. बॅलेचा झगा आखूड कसा झाला?

बॅलेची गोष्टही तशीच आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो एका मोठ्या दरबारी बॅलेमध्ये उगवत्या सूर्याच्या वेषात आला होता. पुढे लोक त्याला 'सूर्यराजा' म्हणू लागले. १६६१ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये नृत्याची राजमान्य अकादमी सुरू केली. तेव्हाचे पोशाख जड असत आणि स्त्रियांचे झगे जमिनीपर्यंत लांब असत. अशा कपड्यांत उंच उडी कशी मारणार?

पुढच्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीनं झगा थोडा वर घेतला, म्हणजे पायांचं काम लोकांना दिसेल. मग १८३२ मध्ये पॅरिसला 'ला सिल्फीद' हे बॅले आलं. त्यात मारी ताल्योनी वाऱ्यावर राहणाऱ्या परीसारख्या एका जिवाची भूमिका करत होती. तिनं पांढरा, तलम, घंटेच्या आकाराचा घेर घातला आणि ती पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून नाचली. बघणाऱ्याला वाटावं, हिला वजनच नाही! पुढे हा घेर आणखी आखूड आणि ताठ होत गेला. जाळीच्या कापडाचे थरावर थर शिवून केलेल्या या घेराला 'टूटू' म्हणतात.

लक्षात घ्या, बॅलेची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे: आपल्याला वजन आहे हे प्रेक्षकांना विसरायला लावायचं. आता खरोखरच वजन कमी असेल अशा ठिकाणी हा नाच नेला तर?

३. चंद्र: एका उडीत दादऱ्याचं आवर्तन

चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश आहे. आपली नर्तकी ५० किलोची असेल, तर तिथल्या वजनकाट्यावर ८ किलोच्या आसपास आकडा दिसेल.

पृथ्वीवर ती ४० सेंटीमीटर उंच उडी मारते असं धरू. त्या उडीत ती अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ, म्हणजे ०.५७ सेकंद, हवेत असते. त्याच वेगानं पाय झाडून तिनं वेगवेगळ्या ठिकाणी उडी मारली तर काय होईल, ते या तक्त्यात बघा. हवेचा अडथळा मी धरलेला नाही.

पृथ्वी: उंची ४० सेंमी, वेळ ०.५७ सेकंद
शुक्र: उंची ४४ सेंमी, वेळ ०.६३ सेकंद
मंगळ: उंची १ मीटर ६ सेंमी, वेळ १.५ सेकंद
चंद्र: उंची २ मीटर ४२ सेंमी, वेळ ३.५ सेकंद
टायटन (शनीचा चंद्र): उंची २ मीटर ९० सेंमी, वेळ ४.१ सेकंद
गुरू: उंची १६ सेंमी, वेळ ०.२३ सेकंद

तबला शिकणाऱ्या मुलांनी आता कान टवकारा. पृथ्वीवरच्या उडीला एक मात्रा लागते असं मानलं, तर चंद्रावर तीच उडी सहा मात्रांची होईल. म्हणजे दादऱ्याचं एक अख्खं आवर्तन! टायटनवर जवळजवळ सात मात्रा, म्हणजे रूपक. आणि गुरूवर अर्धी मात्राही पुरी होणार नाही. पृथ्वीवर बसवलेला नाच त्याच गाण्यावर चंद्रावर करायला गेलात, तर समेवर तुम्ही अजून हवेतच असाल. म्हणून चंद्रावर आधी संगीत बदलावं लागेल.

हे नुसतं गणित नाही. १९७२ मध्ये अपोलो १६ मोहिमेतले अंतराळवीर जॉन यंग यांनी चंद्रावर झेंड्याला सलाम करताना उडी मारली. उडी साधारण ४० सेंटीमीटरचीच होती, पण ते जवळपास दीड सेकंद हवेत होते. हवेत कसले, तिथे हवाच नाही! आणि हे सगळं अंगावर जाडजूड पोशाख आणि पाठीवर पेटी घेऊन.

उड्या सोप्या झाल्या, पण एक अडचण येते. वजन कमी झालं की पायाची जमिनीवरची पकडही कमी होते. नर्तकीचं वस्तुमान मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे धावत येऊन झटकन थांबणं किंवा पाय रोवून गिरकी सुरू करणं चंद्रावर अवघड जाईल. ओल्या फरशीवर मोजे घालून पळून बघितलंय का कधी? साधारण तसं. (बघितलं नसेल तर बघू नका, पडाल.)

४. चंद्रावरचा पोशाख कुणी शिवला?

चंद्रावर उघड्यावर जायचं तर टूटू चालणार नाही. तिथे श्वास घ्यायला हवा नाही, म्हणून हवा पोशाखाच्या आत भरावी लागते. मग पोशाख फुग्यासारखा फुगतो आणि कोपर वाकवायलाही जोर लागतो. अपोलोच्या अंतराळवीरांचा पोशाख, पाठीवरच्या पेटीसकट, पृथ्वीवर ८० ते ९० किलो भरत असे. चंद्रावर तो १५ किलोच्या आसपास वाटायचा.

हा पोशाख कुठल्या यंत्रानं आपोआप बनवला नव्हता. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका कंपनीत शिलाईकाम करणाऱ्या बायकांनी तो शिवला. त्याआधी ही कंपनी स्त्रियांचे आतले कपडे बनवायची. कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून, एक टाकासुद्धा इकडेतिकडे न होऊ देता त्या शिवत. टाका चुकला तर अंतराळवीराच्या जिवाला धोका. नाटकाच्या, नाचाच्या पोशाखामागे एक शिवणारा हात असतो, तसाच तो चंद्रावरच्या पोशाखामागेही होता.

चंद्रावर मोठा घुमट बांधून आत हवा भरली तर मात्र टूटू घालता येईल. तिथे घेर हळूच वर जाईल आणि त्याहून हळू खाली येईल. ताल्योनीला जे करून दाखवायला इतकी वर्षं घाम गाळावा लागला, ते तिथे कापड स्वतःच करेल.

५. मंगळ: घुंगरांचा आवाज कुठे गेला?

मंगळावर हवा आहे, पण फार विरळ. तिचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची बनलेली आहे. २०२१ मध्ये तिथे उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मायक्रोफोन आहेत, त्यामुळे मंगळावरचे आवाज आपण खरोखर ऐकले आहेत. तिथे आवाज सेकंदाला साधारण २४० मीटर वेगानं जातो. पृथ्वीवर हाच वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. शिवाय मंगळाच्या हवेत बारीक, उंच पट्टीचे आवाज लवकर विरून जातात.

आता सांगा, तिथे उघड्यावर लावणी केली तर काय होईल? घुंगरांचा छनछनाट थोड्याच अंतरावर हरवून जाईल. ढोलकीचा घुमारा त्यामानानं जास्त लांब पोचेल, तोही अगदी क्षीण. मंगळावरच्या नर्तकीनं पायात काय बांधावं? कदाचित आवाज करणारं काही नाहीच. कदाचित ठेका डोळ्यांना दिसावा म्हणून छोटे दिवे!

६. शनी आणि गुरू: गिरकी घेणारे ग्रह

गुरू आणि शनी वायूंचे बनलेले आहेत. तिथे उभं राहायला जमीनच नाही, त्यामुळे तक्त्यातली गुरूवरची उडी फक्त कागदावरची. पण नाचणारे म्हणून या ग्रहांकडे बघा. गुरू दहा तासांच्या आत एक गिरकी पूर्ण करतो, शनी साडेदहा तासांच्या आसपास. एवढ्या वेगामुळे दोघंही मधोमध फुगले आहेत, अगदी गिरकी घेताना घेर फुलतो तसे. शनीचा मधला व्यास त्याच्या ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा जवळपास १२ हजार किलोमीटरनं जास्त आहे. म्हणजे जवळजवळ आपल्या अख्ख्या पृथ्वीइतका!

आणि शनीची कडी? बर्फाच्या तुकड्यांची ती मुख्य कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २ लाख ७० हजार किलोमीटर पसरली आहेत, पण त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच आहे. या कड्यांची २७० मीटर रुंद प्रतिकृती केली, तर ती कागदापेक्षाही पातळ करावी लागेल. इतका ताठ आणि इतका तलम टूटू पृथ्वीवरच्या कुठल्याही शिंप्याला जमलेला नाही.

शनीचा चंद्र टायटन इथे मात्र जमीन आहे आणि हवाही. तिथली हवा आपल्यापेक्षा जवळपास चौपट दाट आहे आणि गुरुत्वाकर्षण आपल्या चंद्रापेक्षाही कमी. दंडांना मोठे पंख बांधून हात हलवले, तर माणूस उडू शकेल असं गणित सांगतं. फक्त थंडी उणे १७९ अंश सेल्सिअस! म्हणजे टायटनचा पोशाख असा हवा: आत भरपूर ऊब आणि बाहेर पंख.

७. मग घरी परत येताना?

इथपर्यंत सगळी मजाच मजा वाटली असेल. आता त्याची किंमत बघू.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात माणूस तरंगत असतो. पायांवर भार पडत नाही, म्हणून शरीर पायांची हाडं आणि स्नायू सांभाळण्याची तसदी घेत नाही. दर महिन्याला कंबर-मांडीच्या हाडांची घनता एक टक्का किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकते. त्यामुळे तिथले अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. चंद्रावर, मंगळावर वजन अगदीच शून्य नसतं, पण पृथ्वीपेक्षा खूप कमी असतं. म्हणजे आपली नर्तकी चंद्रावर अडीच मीटर उंच उडेल आणि टाळ्या मिळवेल. पण रोजचा सराव सोडला, तर घरी परतल्यावर जुनी ४० सेंटीमीटरची उडीसुद्धा तिला कदाचित जमणार नाही.

म्हणून तिला निवड करावी लागेल. तिथल्या जमिनीसारखं नाचायचं, की इथल्या जमिनीसाठी शरीर राखायचं? दोन्ही हवं असेल, तर सराव दुप्पट करावा लागेल. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणाऱ्या तुम्हा मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्याच्यावर रोज भार पडतो तेच मजबूत राहतं, मग ते हाड असो की शब्द.

अंतराळात जाताना बॅगेत काय भरायचं, हा प्रश्न एका नर्तकीला खरोखर पडला होता. मे जेमिसन लहानपणापासून नाच शिकल्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि सप्टेंबर १९९२ मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळात गेल्या. अंतराळात जाणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. सोबत न्यायला जागा थोडीच होती. त्यांनी आल्विन एली यांच्या नृत्यसंस्थेचं एक पोस्टर नेलं. तिथे त्यांना बॅलेचे जोडे लागणार नव्हते, पण आपण कुठल्या नाचातून आलो हे त्यांना सोबत हवं होतं.

आता आपल्या नर्तकीची बॅग भरा. तुम्ही राहता त्या गावात थंडीत नऊवारीच्या आत जाड लेगिंग्ज घालून लेझीम खेळणारी मुलं तुम्ही पाहिली असतील, कदाचित तुम्हीही खेळला असाल. लेगिंग्ज आल्या म्हणून लेझीम गेली नाही. मग चंद्रावर काय काय बदललं तरी बॅले हे बॅलेच राहील आणि काय बदललं तर राहणार नाही? याचं एकच बरोबर उत्तर नाही. पण कारण मात्र द्यायला हवं.

शब्दार्थ
गुरुत्वाकर्षण – ग्रहानं वस्तूला आपल्याकडे ओढण्याचा जोर
वस्तुमान – वस्तूत किती पदार्थ आहे त्याचं माप. ते कुठेही गेलं तरी तेवढंच राहतं
एक षष्ठांश – सहा सारख्या भागांपैकी एक भाग
आवर्तन – तालाची सम ते सम अशी एक पूर्ण फेरी
काष्टा – साडीचा मागे खोचलेला भाग
विरळ – दाट नसलेलं, पातळ
घुमारा – घुमणारा खोल आवाज
तसदी – त्रास, कष्ट
कान टवकारणे – लक्ष देऊन ऐकणे
घाम गाळणे – खूप मेहनत करणे

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. चौदाव्या लुईला 'सूर्यराजा' हे नाव का मिळालं असावं?
२. चंद्रावर गिरकी सुरू करणं अवघड का?
३. मंगळावर घुंगरांचा आवाज लांब का जात नाही?

आ) तीन-चार वाक्यांत लिहा.
१. 'आधी जगणं, मग पोशाख, मग नाच' हे कोळीनृत्य किंवा तुम्हाला माहीत असलेल्या दुसऱ्या नृत्याच्या उदाहरणानं समजावून सांगा.
२. अंतराळवीर रोज दोन तास व्यायाम का करतात?

इ) गणित करा.
चंद्रावरची उडी पृथ्वीच्या सहापट उंच जाते असं धरा. तुमच्या घरातल्या कुणाची तरी जागच्या जागी मारलेली उडी मोजा. चंद्रावर ती व्यक्ती तुमच्या घराच्या छताला आपटेल का?

ई) करून पाहा.
एक रुमाल आणि एक खोडरबर एकाच उंचीवरून एकदम सोडा. आधी काय पडलं? हवा नसलेल्या चंद्रावर काय झालं असतं? घरच्यांना मराठीत समजावून सांगा.

उ) वाक्यात उपयोग करा: कान टवकारणे, घाम गाळणे, किंमत मोजणे.

ऊ) सुरुवातीला वहीत लिहिलेली दोन उत्तरं पुन्हा वाचा. आता एक ग्रह किंवा चंद्र निवडा, तिथल्या नर्तकीचा पोशाख काढा आणि प्रत्येक भागापुढे 'कारण...' असं सुरू होणारं एक वाक्य लिहा. पुढच्या रविवारच्या वर्गात चित्र कॅमेऱ्यासमोर धरून दोन मिनिटं बोलायचं आहे. शब्द अडला तर थांबा, आठवा, पण वाक्य मराठीतच पूर्ण करा.